दारात की घरात? ख्रिस्ती पंथ आणि मुलांचे धर्मसंगोपन

ख्रिस्ती घरात जन्मलेले मूल जन्मतःच ख्रिस्ती असते का, या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्ती धर्माने आजवर एका आवाजात दिलेले नाही. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लूथरन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल आणि मेथॉडिस्ट मंडळ्या तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. बाप्टिस्ट, मेनोनाइट, ब्रदरन आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या मूल मोठे होऊन स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करीपर्यंत थांबतात आणि मगच त्याला बाप्तिस्मा देतात. मुक्तिफौजेत आणि क्वेकरांत तर पाण्याचा विधीच नाही. फरक विधीचा दिसतो, पण त्याची मुळे घरात खोल जातात. मुलाला झोपताना कोणती प्रार्थना शिकवायची, ते चुकले तर त्याला काय सांगून समजवायचे, दुसऱ्या पंथात लग्न झाले तर नातवंडे कोणत्या मंडळीची, हे सगळे त्या एका उत्तरावर ठरते. एका बाजूच्या लेखी मूल घरातच जन्मले आहे आणि त्याला घराची ओळख तेवढी करून द्यायची आहे. दुसऱ्या बाजूच्या लेखी ते अजून दारात आहे, आणि उंबरा त्याने स्वतःच्या पायाने ओलांडायचा आहे.

नव्या करारात दोघांनाही आधार सापडतो. प्रेषितांच्या कृत्यांत लुदिया आणि फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी यांनी घरच्यांसह बाप्तिस्मा घेतल्याचे लिहिले आहे. त्या घरांत तान्ही मुले होती की नव्हती, हे मात्र लिहिलेले नाही, आणि त्या मौनावर दोन्ही पक्षांनी ग्रंथच्या ग्रंथ रचले. इ. स. २०० च्या सुमारास कार्थेजचा तर्तुल्यन लहान मुलांचा बाप्तिस्मा लांबवावा असे सांगत होता. म्हणजे तो दिला जात होता, हे उघड आहे. पन्नासएक वर्षांनी त्याच कार्थेजमध्ये सिप्रियन आणि त्याच्याबरोबरचे बिशप यांनी उलट निर्णय दिला, की जन्मानंतर आठव्या दिवसाचीही वाट पाहू नये.

प्रत्यक्षात कुटुंबे काय करत होती, हे ऑगस्टिनच्या बालपणावरून कळते. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेत जन्मलेल्या या मुलाची आई मोनिका निष्ठावंत ख्रिस्ती होती, वडील नव्हते. बाळपणी त्याला क्रूसाची खूण करून मीठ चाखवले गेले, पण बाप्तिस्मा दिला गेला नाही. पुढे पोटात कळा येऊन मुलगा मरणाच्या दारी पोचला तेव्हा त्याने स्वतःच बाप्तिस्मा मागितला. आईने घाईघाईने तयारी सुरू केली, तेवढ्यात उतार पडला, आणि विधी पुन्हा लांबला. बाप्तिस्म्यानंतरचे पाप अधिक जड, तेव्हा तारुण्याची वर्षे सरू द्यावीत, असा त्या काळी पुष्कळांचा विचार असे. अखेर ३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. पुढे त्याने या दिरंगाईबद्दल खंत नोंदवली, आणि मूळ पापाचा त्याचा सिद्धान्त पश्चिमेकडे बालबाप्तिस्म्याचा सर्वांत मोठा आधार ठरला. मुलांच्या धर्मसंगोपनाचा इतिहास असा एका आईच्या काळजीपासून सुरू होतो, ही गोष्ट धर्मशास्त्राच्या पुस्तकांत फार मागे पडते.

पूर्वेकडच्या मंडळ्यांनी बाप्तिस्मा, तैलाभ्यंग आणि प्रभुभोजन हे तीन विधी कधी एकमेकांपासून तोडले नाहीत. ग्रीक किंवा रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये दात न आलेल्या बाळाच्या ओठांना चमच्याने ख्रिस्तप्रसाद लावतात. बाळ तोंड वाकडे करते, आई त्याची हनुवटी पुसते, आणि त्या घटकेपासून ते मंडळीचे पूर्ण सभासद असते. कळण्याच्या आधी चव, असा हा क्रम आहे. पश्चिमेत तैलाभ्यंगाचा अधिकार बिशपांनी स्वतःकडे ठेवला. एका बिशपाला शेकडो गावे फिरायची असल्याने हा विधी, ज्याला तिथे दृढीकरण म्हणतात, लांबत गेला आणि क्रम तुटला. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रभुभोजनासाठी समज येण्याचे वय ही मर्यादा घातली. ते वय हळूहळू दहा, बारा, चौदा असे वर सरकले. १९१० मध्ये दहाव्या पायस पोपांनी ते सात वर्षांच्या आसपास खाली आणले. भाकर आणि ख्रिस्तशरीर यांतला फरक मुलाला कळला की पुरे, असा त्यांचा निकष होता. वसईत आणि गोव्यात पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या मुलामुलींचा पहिल्या कम्युनियनचा जो सोहळा दिसतो, त्यात इतकी लहान मुले असतात ती या निर्णयामुळे.

धर्मसुधारणेच्या काळात प्रश्न पुन्हा उघडा पडला, आणि दोन दिशांनी. पहिली दिशा लूथरची. १५२८ मध्ये त्याने सॅक्सनीतली गावे पाहिली. खेडुतांना प्रभूची प्रार्थनासुद्धा येत नव्हती आणि कित्येक पाळकांना शिकवता येत नव्हती. १५२९ मध्ये त्याने ‘लहान प्रश्नोत्तरावली’ काढली. ती आधी भिंतीवर लावायच्या तक्त्यांच्या रूपात छापली गेली. आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना या प्रत्येक भागाच्या वर सूचना असे, की कुटुंबप्रमुखाने हे आपल्या घरच्यांना सोप्या रीतीने शिकवावे. या सूचनेचे महत्त्व फार मोठे आहे. बाळाला बाप्तिस्मा द्यायचा हे लूथरने कायम ठेवले, पण त्यानंतरची जबाबदारी त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर आणून टांगली. घरातली मुले आणि नोकरमाणसे एकत्र बसतील, धनी विचारील, ते उत्तर देतील, अशी ती रचना होती.

पुढच्या पंथांनी तीच वाट धरली. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावलीत १२९ प्रश्न आहेत आणि ते वर्षाच्या ५२ रविवारांत वाटून दिलेले आहेत. १६४७ च्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरावलीत १०७ प्रश्न; स्कॉटलंडमधली मुले त्यांवरच वाढली. कॅथलिक बाजूने ट्रेंटच्या परिषदेनंतर १५६६ मध्ये पाळकांसाठी रोमन प्रश्नोत्तरावली आली. या पाठांतराला नंतरच्या शिक्षणशास्त्राने बरीच नावे ठेवली. मुलाला अर्थ न कळता शब्द तोंडात कोंबले जात होते, हा आक्षेप खोटा नाही. पण पाठ केलेले शब्द आयुष्यभर पुरतात, आणि अर्थ कधीकधी तीस वर्षांनी, एखाद्या आजारपणात किंवा मृत्यूच्या घरात उमगतो, हेही तितकेच खरे आहे. हरिपाठ पाठ असलेल्या मराठी घरांना हे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी दिशा झुरिकची. तिथे काही आईबापांनी नवजात मुलांचा बाप्तिस्मा करून घेण्याचे नाकारले. जानेवारी १५२५ मध्ये नगरसभेने हुकूम काढला, की अशा मुलांचा बाप्तिस्मा आठ दिवसांत झाला पाहिजे, नाहीतर शहर सोडावे. कोनराड ग्रेबेल या तरुणाच्या घरी त्याच महिन्यात मुलगी झाली होती आणि तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. २१ जानेवारीच्या रात्री फेलिक्स मान्झच्या घरी जमलेल्या मंडळीत ग्रेबेलने गेओर्ग ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला, आणि मग ब्लाउरॉकने इतरांना. सर्वांचे बाप्तिस्मे तान्हेपणी झालेले होते. तो बाप्तिस्माच नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. ५ जानेवारी १५२७ रोजी मान्झला लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले. शहराने इतका कठोर दंड का दिला? बालबाप्तिस्मा म्हणजे त्या काळी नागरिकत्वाची नोंदही होती. मूल मंडळीत जन्मत नसेल तर ते राज्यातही जन्मत नाही, अशी भीती त्यामागे होती. बाळाच्या कपाळावरच्या पाण्यावरून माणसाचा जीव घेतला गेला, हा ख्रिस्ती इतिहासातला मोठा कलंक आहे.

पुनर्बाप्तिस्मावादी म्हणून हिणवली गेलेली ही विचारधारा संपली नाही. १७०८ मध्ये जर्मनीतल्या श्वार्झेनाउ इथे आठ जणांनी एडर नदीत बाप्तिस्मा घेतला, त्यांतून चर्च ऑफ द ब्रदरन निघाले. पुढे त्यांचे अमेरिकन मिशनरी गुजरातेत आणि डहाणू भागात आले. उत्तर कोकणातल्या या मंडळ्यांत मूल जन्मले की आईबाप त्याला वेदीपुढे आणतात, पाळक त्याला आशीर्वाद देतो, आईबाप त्याला प्रभूच्या मार्गात वाढवण्याचे वचन देतात. पाणी नाही. याला अर्पणविधी म्हणतात. इथे एक गोष्ट ध्यानात येते. ज्यांनी बालबाप्तिस्मा नाकारला त्यांना बाळासाठी दुसरा काही विधी करावाच लागला, आणि ज्यांनी तो ठेवला त्यांना मोठेपणीच्या कबुलीसाठी दृढीकरण लागलेच. आईबापांचे वचन आणि मुलाचा होकार, यांपैकी एकावर कोणत्याच पंथाचे भागलेले नाही.

या पेचाचा अनुभव सर्वांत तीव्रपणे आला तो अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांना, आणि त्याचा धागा थेट अहमदनगरपर्यंत येतो. न्यू इंग्लंडमध्ये हृदयपरिवर्तनाचा अनुभव सांगू शकणाऱ्यालाच पूर्ण सभासदत्व मिळे, पण त्याच्या मुलांना बाप्तिस्मा मिळे. ती मुले मोठी झाली, अनुभव सांगू शकली नाहीत, आणि त्यांना मुले झाली. त्या नातवंडांचे काय? १६६२ मध्ये अर्धा तोडगा निघाला: नातवंडांना बाप्तिस्मा द्यावा, पण त्यांच्या आईबापांना प्रभुभोजन नाही. पुढे पुनरुज्जीवनाच्या लाटा आल्या आणि मुलानेही आधी स्वतःला पापी समजून रडावे, मग तारणाचा आनंद भोगावा, अशी अपेक्षा रूढ झाली. हार्टफर्डचे पाळक होरेस बुश्नेल यांनी १८४७ मध्ये ‘ख्रिस्ती संगोपन’ या अर्थाच्या आपल्या पुस्तकातून त्याविरुद्ध आवाज उठवला. ख्रिस्ती घरातल्या मुलाला आपण कधीकाळी परके होतो असे वाटण्याची गरजच नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. घराची हवा, आईबापांचे बोलणे-चालणे, जेवणापूर्वीची प्रार्थना यांतून विश्वास मुलात उतरतो, असे ते म्हणत. त्यांच्यावर पाखंडाचे आरोप झाले, पण पुढच्या पिढ्यांच्या रविवारच्या शाळांनी त्यांचाच मार्ग स्वीकारला.

याच परंपरेच्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आले. त्यांची पहिली मराठी मंडळी प्रौढपणी धर्म बदललेल्यांची होती. जात, घर, पुष्कळदा आईबाप सोडून आलेली ही माणसे. त्यांची मुले मात्र मंडळीतच जन्मली, आणि त्यांना सांगण्यासारखी हृदयपरिवर्तनाची कहाणी नव्हती. त्यांच्यासाठी शब्बाथशाळा होत्या, वसतिगृहे होती, आणि १८७३ पासून ‘बालबोधमेवा’ हे मासिक होते. तरीही पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरित गीते घरात रुजत नव्हती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे खरे काम इथे आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ओवी, अभंग, भजन यांत ख्रिस्त आणला, आणि मराठी प्रॉटेस्टंट उपासनेतल्या गीतांचा मोठा भाग त्यांच्या लेखणीतून आला. टिळकांच्या स्वतःच्या घरात तर त्यांचा मुलगा दत्तू याचे बालपण काही वर्षे ख्रिस्ती वडील आणि हिंदू आई यांच्यामध्ये गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो जवळजवळ पाच वर्षांनी, आपल्या पावलांनी चालत. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ही वाटचाल ज्या मोकळेपणाने आली आहे, तितक्या मोकळेपणाने एका कुटुंबातल्या दोन श्रद्धांबद्दल मराठीत क्वचितच लिहिले गेले असेल.

देशी छंदांत ख्रिस्त आणण्याची गरज गोव्यात तीनशे वर्षे आधी ओळखली गेली होती. नव्या ख्रिस्ती लोकांनी आपली जुनी पुराणे सोडली होती. त्यांच्या जागी ऐकायला काही हवे, म्हणून फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. त्यांचे कोकणी प्रश्नोत्तरांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये निघाले. दोतोर्न म्हणजे प्रश्नोत्तरांचे पाठांतर, आणि पुराण म्हणजे गोष्ट. मुलाला दोन्ही लागतात, हे त्या इंग्रज जेझुइटाला कळले होते. कॅथलिक घरात आजही मूल धर्म शिकते ते मुख्यतः संध्याकाळी. घरातल्या क्रूसापुढे किंवा मरियेच्या तसबिरीपुढे रोझरी सुरू होते, आजी सांगते आणि बाकीचे उत्तर देतात. लहान मूल अर्ध्यात पेंगते, शेवटच्या प्रार्थनेला कुणीतरी त्याला जागे करते, मग ते मोठ्यांचे आशीर्वाद घेते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला घरातले चर्च म्हटले आणि १९६५ मध्ये आईबाप हेच मुलांचे पहिले शिक्षक असे सांगितले, तेव्हा अशा घरांना त्यात नवे काही वाटले नसावे. नवे होते ते भाषेचे. लॅटिन मिस्सा जाऊन मराठी मिस्सा आला, आणि वसईत धर्म व मातृभाषा एकत्र नांदू लागली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ हे त्या बदलाचे पिकलेले फळ.

पंथभेदाच्या मध्यभागी एखादे मूल उभे राहते तेव्हा काय होते, याचे सर्वांत बोलके मराठी उदाहरण पंडिता रमाबाईंची लेक मनोरमा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाई आणि अडीच वर्षांची मनोरमा या दोघींचा अँग्लिकन पद्धतीने बाप्तिस्मा झाला. आई पंडिता, शास्त्रार्थ करून, विचार करून आलेली. मुलगी आईच्या कडेवरून आलेली. एकाच दिवशी एकाच पाण्यात दोन्ही प्रकारचे बाप्तिस्मे झाले, असे म्हटले तरी चालेल. थोड्याच दिवसांत रमाबाई आणि त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्यात त्रैक्य, बिशपांचा अधिकार, चर्चची आज्ञा यांवरून तीव्र पत्रव्यवहार सुरू झाला. मनोरमेला काय आणि कुणी शिकवायचे, हा त्यातला सर्वांत हळवा धागा होता. जेराल्डिन यांच्या दृष्टीने मुलगी चर्चमध्ये बाप्तिस्मा पावलेली होती, म्हणून चर्चची शिकवण हा तिचा हक्क होता. रमाबाईंच्या दृष्टीने आईच्या सदसद्विवेकाला न पटलेले मत मुलीच्या मनावर कोरण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. दोघींचेही मनोरमेवर प्रेम होते, म्हणूनच ती पत्रे वाचताना मन जड होते. इंग्लंड-अमेरिकेत ख्रिस्ती धर्माचे किती पंथ आहेत, हे पाहून आपण गोंधळून गेल्याचे रमाबाईंनी पुढे स्वतः लिहिले.

रमाबाईंनी मुलीला कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत बसवले नाही. अँग्लिकन भगिनींकडे वाढलेली मनोरमा पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या फ्री मेथॉडिस्ट शाळेत शिकली आणि रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदन या आश्रमात आईच्या खांद्याला खांदा लावून राबली. मुक्ती कोणत्याच पंथाचे नव्हते. त्याआधी काढलेल्या शारदा सदन या मुलींच्या निवासी शाळेतही रमाबाई स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार उघडे ठेवत. मुलींवर सक्ती नव्हती, मज्जावही नव्हता. या उघड्या दारावरूनच वाद पेटला आणि १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर हे समाजसुधारक सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हिंदू पालकांची तक्रार त्यांच्या जागी समजण्यासारखी होती. आपल्या लेकीवर सक्ती होऊ न देणाऱ्या आईने दुसऱ्यांच्या लेकींसाठी दार उघडे ठेवावे की लावून घ्यावे, याचे सोपे उत्तर नाही. मनोरमा १९२१ मध्ये गेली, रमाबाई पुढच्याच वर्षी.

आंतरपंथीय विवाहात हाच पेच कायद्याचे रूप घेतो. जुन्या युरोपात कित्येक ठिकाणी मुलगे बापाच्या पंथाचे, मुली आईच्या पंथाच्या, अशी वाटणी असे. एकाच ताटातून जेवणारी भावंडे रविवारी दोन दिशांना जात. कॅथलिक चर्च नंतर दोन्ही पक्षांकडून सर्व मुले कॅथलिक वाढवण्याचे वचन घेऊ लागले. आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यातल्या फेदर्ड-ऑन-सी या गावी १९५७ मध्ये एका प्रॉटेस्टंट आईने मुलीला कॅथलिक शाळेत घालण्यास नकार दिला आणि ती दोन मुलींसह गावातून निघून गेली. गावच्या कॅथलिकांनी प्रॉटेस्टंटांच्या दुकानांवर बहिष्कार घातला, आणि पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना त्याचा निषेध करावा लागला. १९७० मध्ये सहाव्या पॉल पोपांनी नियम सैल केला. आता वचन फक्त कॅथलिक जोडीदार देतो, आपल्याकडून होईल तेवढे करीन असे. दुसऱ्याला ते कळवायचे असते. त्यामुळे अंतिम निर्णय पुन्हा नवराबायकोंच्या बोलण्यावर आला, जिथे तो आधीपासूनच असायला हवा होता.

त्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेचे संयुक्त चर्च, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथॉडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट अशा सहा परंपरा एकत्र आल्या. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांना बालबाप्तिस्मा नाकारल्याबद्दल युरोपात नदीत बुडवले गेले, आणि ज्यांनी तो शतकानुशतके दिला, ते एका छपराखाली आले. नव्या चर्चच्या घटनेने दोन्ही वाटा मान्य केल्या. एक वाट अशी: बालपणी बाप्तिस्मा, मोठेपणी विश्वासाची कबुली आणि दृढीकरण. दुसरी अशी: बालपणी अर्पण व आशीर्वाद, मोठेपणी कबुलीनंतर बाप्तिस्मा. आईबापांनी निवडावे. अहमदनगरच्या जुन्या मंडळ्या पहिल्या वाटेने जातात, डहाणूकडच्या दुसऱ्या वाटेने, आणि एकमेकांच्या प्रभुभोजनाला बसतात.

एक गाठ मात्र राहिली. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेला तरुण मोठेपणी पाण्यात उतरू इच्छितो तेव्हा काय करायचे? मुंबई-पुण्यातल्या पेंटेकॉस्टल फेलोशिपमध्ये अशी मुले दरवर्षी पुन्हा बाप्तिस्मा घेतात. मुलासाठी ती आयुष्यातली सर्वांत आनंदाची सकाळ असते. पालकांना मात्र आपण दिलेली गोष्ट मुलाने परत केल्यासारखे वाटते. बाप्तिस्म्याच्या वेळचे बाळाचे पांढरे झबले आईने जपून ठेवलेले असते. १९८२ मध्ये लिमा येथे जागतिक चर्च परिषदेच्या आयोगाने मान्य केलेल्या निवेदनात पुनर्बाप्तिस्मा वाटेल अशी कोणतीही कृती टाळावी असे म्हटले आहे. त्याऐवजी अनेक मंडळ्या बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण सुचवतात. कॅथलिक चर्चमध्ये ते दरवर्षी ईस्टरच्या आदल्या रात्री होते: दिवे मालवतात, मोठ्या मेणबत्तीवरून प्रत्येकाच्या हातातली लहान मेणबत्ती पेटते, आणि आईबापांनी एकेकाळी मुलाच्या वतीने दिलेली उत्तरे आता मूल त्यांच्या शेजारी उभे राहून स्वतःच्या तोंडाने देते.